प्रोटॉनचं काम केलेला लाकडी बैल

टक्.

मी ऐकलेला पहिला आवाज हा. मूर्तिजापूरच्या स्टेशनाजवळ डोमाजी मिस्त्रीचं दुकान होतं, तिथे. डोमाजीनं मला आणि भुऱ्याला समोरासमोर धरलं आणि कपाळावर कपाळ आपटून पाहिलं. लाकूड आतून किडलेलं असलं की आवाज बसका येतो. आमचा खणखणीत आला. डोमाजी म्हणाला, "पास." आमच्या आयुष्यातली परीक्षा तेवढीच.

मी एक लाकडी बैल आहे. चार चाकांवर उभा, वीतभर उंच. कपाळावर पांढरा टिक्का होता म्हणून नाव टिक्या. आमच्या वऱ्हाडात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. आदल्या दिवशी खरे बैल मिरवून घेतात, दुसऱ्या दिवशी पोरं आपापले लाकडी बैल दोरीनं ओढत घरोघर फिरतात. मला त्यासाठी घडवलं. पुढे मात्र मी आयुष्यभर प्रोटॉनचं काम केलं. कसं ते सांगतो. सावकाश सांगेन. मला चाकं आहेत, पण वेग माझा नाही. ढकलणाऱ्याचा असतो.

डोमाजी एका ओंडक्यातून एकच जोडी काढायचा. म्हणायचा, दोन्ही बैलांचं वजन सारखं भरलं पाहिजे, नाहीतर पोरं भांडतात. मी आणि भुऱ्या एकाच लाकडाचे. फरक इतकाच, की त्याला भुरा रंग लागला आणि मला लाल.

वरूडचे खुशालराव एकदा अकोल्याहून मोटरपंप दुरुस्त करून परत निघाले होते. गाडी बदलायला मूर्तिजापूरला थांबले. संत्र्याचे बागायतदार माणूस, बोलायला कमी. त्यांनी मला उचललं आणि म्हणाले, "हा एक द्या."

डोमाजी म्हणाला, "एक देत नाई. जोडी हाये थे."

"मले लेकरंही दोनच आहेत."

"मंग पयलेच सांगा ना बाप्पा." डोमाजीनं आम्हाला जुन्या कागदात गुंडाळलं. "आन एक ध्यानात ठेवा. लेकरायले सांगजा, जोडी फोडू नोका."

खुशालरावांनी मान हलवली. त्यांच्या मानेनं पुष्कळ कामं होत.

थोरल्या किशोरला मी मिळालो, धाकट्या चंदाला भुऱ्या. तान्ह्या पोळ्याला आम्हाला रंगीत कागदाच्या झुली घालत. घराघरांतून बोजारा मिळे, म्हणजे खाऊ, नाणी, कुठे कुठे नुसतीच शाबासकी. एरवी घराच्या ओसरीत आमची टक्कर चाले. किशोर ढकलायचा, चंदा मोजायची. टक् झालं की कोण किती मागे सरकला ते ती खडूनं लिहून ठेवी. किशोर विचारायचा, "काहून लिहून राहिली तू? कोनाले दाखवाचं हाये?" ती म्हणायची, "कोनाले नाई. मले पायचं हाये."

असं ते चाललं असताना मोरोपंत सर घरी आले.

मोरोपंत सर वरूडच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. घर अमरावतीला, शनिवारी जायचे, सोमवारी यायचे. संत्र्याच्या बहारात खुशालराव त्यांना आग्रहानं बोलवत. त्या दिवशी सर संत्रं सोलत ओसरीत बसले होते आणि आमची टक्कर बघत होते. बघता बघता त्यांच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं.

"हे बैल मला वर्गात द्याल का?" त्यांनी विचारलं.

आशाबाई, म्हणजे पोरांची आई, आतून म्हणाली, "न्या ना सर. येथी नुस्ता खडखडाट करून राहिले."

सरांनी जुन्या रेडिओच्या भोंग्यातले दोन लोहचुंबक काढले. माझ्या आणि भुऱ्याच्या कपाळाला भोक पाडून आत बसवले. दुखलं का, असं मला कोणी विचारलं नाही. दुखलं नव्हतं. चुंबकांची एकसारखी तोंडं बाहेर होती, त्यामुळे आम्ही एकमेकांसमोर आलो की मागे रेटले जाऊ लागलो. एका फळीला सरळ खाच पाडून तिच्यात आमची चाकं ठेवली. टक् बंद झालं.

वर्गात सर सांगायचे, "मुलांनो, प्रोटॉन म्हणजे अणूच्या पोटातला दाणा. प्रोटॉन जर संत्र्याएवढा धरला, तर त्याचा अणू वरूडच्या वेशीबाहेर जाईल. सगळ्या प्रोटॉनांवर एकाच जातीची वीज असते. म्हणून ते एकमेकांना दुरूनच ढकलतात. हा टिक्या प्रोटॉन, हा भुऱ्या प्रोटॉन. किशोर, ढकल."

किशोर ढकलायचा. मी भुऱ्याच्या जवळ जायचो आणि न शिवता परत यायचो.

"ही झाली वीज," सर म्हणायचे. "लांबून चालते, कितीही लांबून. पण अणूच्या पोटात प्रोटॉन दाटीवाटीनं राहतात, ते कसे? तर तिथे दुसरा जोर असतो. आण्विक जोर. तो लांबून अजिबात चालत नाही. अगदी अंगाला अंग लागलं, तरच. पण चालला, की विजेला भारी पडतो."

हा दुसरा जोर दाखवायला सरांनी आधी डिंक लावून पाहिला. आम्ही चिकटलो ते सुटेनाच. गरम पाण्यात घालावं लागलं. मग किशोरनं एक पट्टी आणली. दप्तराच्या झाकणाला असते ना, दाबली की चिकटते आणि ओढली की चर्र करून निघते, ती. एक बाजू माझ्या कपाळाला, दुसरी भुऱ्याच्या. आता हळू ढकललं की आम्ही मागे येऊ. जोरात ढकललं की चुंबकाला न जुमानता एकमेकांना चिकटू. वर्ग टाळ्या वाजवायचा.

पट्टी कुठून आणली, ते सरांनी विचारलं नाही. ती किशोरच्या नव्या दप्तराची होती. घरी त्याला जेवणाआधी मार बसला आणि जेवणानंतरही थोडा. मग वर्षभर तो दप्तराचं झाकण हातानं दाबून धरत शाळेत गेला. पुस्तकांत त्याचं मन नव्हतं. विज्ञानाच्या तासाला मात्र तो आधी जाऊन बसायचा, कारण ढकलायला तोच लागे. दुसऱ्या कोणी ढकललं तर जोर कमी-जास्त होई. सर म्हणत, "किशोरचा हात मोजका आहे." एवढं एक वाक्य त्याला शाळेनं दिलं. त्यानं ते जपून ठेवलं.

दहावीनंतर किशोर बागेत उतरला. चंदा अमरावतीला शिकायला गेली, आणि शिकतच राहिली. सर निवृत्त झाले तेव्हा आम्हाला फळीसकट परत देऊन गेले. सुट्टीत चंदा घरी आली की दोघं बागेतल्या पाण्याच्या टाक्यावर बसत. आम्ही काठावर असू.

"आता काय करून राहिली तू?" किशोरनं एकदा विचारलं.

"तेच रे दादा. प्रोटॉनावर प्रोटॉन ढकलायचे."

"थे तर मी फुकटात करत होतो."

"आता लई जोरात ढकलतात. उजेडाच्या वेगाच्या जवळपास. बहुतेक चुकतात, निघून जातात. थोडे घासून जातात. लांबून गेला तर नुसती वीज त्याला जरासा वळवते. जवळून गेला तर आतला जोर वळवतो. मी पाहते ते मधलं. जिथं दोन्ही एकाच वेळी लागतात."

"मंग दोन्हीची बेरीज करायची. झालं."

"नाई होत बेरीज. इकडं पाय." तिनं टाक्यात दोन खडे टाकले. दोन लाटा निघाल्या आणि एकमेकींत शिरल्या. "जिथं एकीचा उंचवटा आन दुसरीचा खळगा येतो, तिथं पाणी पाय. उगंच उभं हाये. दोघी आल्या, तरी तिथं कमी. प्रोटॉनाचंही तसंच. वीज त्याले बाहेर ढकलते आन आतला जोर त्याच वेळी थोडा आत ओढते. दोन्ही मिळून जितके वळायला पायजेत, त्याच्याहून थोडे कमी वळतात."

किशोर पाण्यावर वाकला. "थे जे कमी पडले, थे कुठं गेले?"

"कुठंच नाई. एकमेकांत जिरले."

किशोरनं आणखी दोन खडे टाकले. त्या दिवशी ठिबकच्या नळ्या बदलायच्या राहिल्या.

आता जोडी कशी फुटली ते सांगतो. घरातले सगळे म्हणतात, स्थळ मोडलं म्हणून. मी तिथे होतो. तसं नव्हतं.

किशोरनंच चंदासाठी अकोटचं एक घर पाहिलं होतं. जिनिंगवाले लोक, चांगली माणसं. पाहुणे आले. बैठकीत सतरंजी, तिच्यावर गाद्या. मुलगा कमी बोलत होता, त्याचे काका त्याच्या वाटणीचं बोलत होते. काका म्हणाले, "बेटा, तू कायचा अभ्यास करून राहिली, थे आमाले समजंल असं सांग."

किशोरला फार आनंद झाला. तो स्वतः माळ्यावर चढून फळी आणि आम्हाला घेऊन आला, झटकलं, पुसलं. चंदा सांगू लागली, किशोर ढकलू लागला. हळू ढकललं, मी परत आलो. जोरात ढकललं, आम्ही चिकटलो.

"वा!" काका म्हणाले. "समजलं बाप्पा. जवळ आले का चिकटतात."

"नाही काका," चंदा म्हणाली. "इथंच चूक आहे. दोन प्रोटॉन असे चिकटून राहतच नाहीत. घासतात आणि निसटतात. ही पट्टीच चुकीची आहे."

आणि तिनं माझ्या कपाळावरची पट्टी ओढून काढली. चर्र. पोह्याच्या बशीवरचे हात थांबले.

तिला काही वाईट करायचं नव्हतं. चुकीची गोष्ट समोर तशीच राहू देणं तिला लहानपणापासून जमलं नाही. ओसरीतला खडूचा आकडा चुकला तरी ती जेवण सोडून पुसायला उठे.

मी किशोरच्या हातात होतो. त्याचा हात आधी घट्ट झाला, मग सैल पडला. तो हळूच म्हणाला, "मंग मी काय करत होतो इतके वर्ष?"

"तू ढकललं बरोबर दादा. पट्टी चूक होती."

पाहुण्यांनी पोहे संपवले, चहा घेतला, नमस्कार केला. पुढे निरोप आला की मुलगी हुशार आहे, आमच्याकडे तिचं शिक्षण वाया जाईल. चंदाला वाटलं, दादा स्थळ गेलं म्हणून रागावला. तिनं रागानं म्हटलं, "मला लग्नाची घाईच नव्हती." किशोरनं तिचा गैरसमज दूर केला नाही. दप्तराचं नाव तो कसा काढणार? मोठा माणूस, बागेचा मालक. त्यानं भुऱ्याला उचलून तिच्यासमोर ठेवलं.

"तुझा बैल तू ने. माझा माझ्यापाशी राहू दे."

खुशालराव दारात उभे होते. ते एवढंच म्हणाले, "फोडली बाप्पा जोडी." आणि बागेत निघून गेले.

चंदा परदेशी गेली. तिथे जमिनीच्या पोटात मोठा गोल बोगदा आहे म्हणतात, त्यातून खरे प्रोटॉन धावतात. भुऱ्या तिच्यासोबत गेला. पट्टीचा तुकडाही गेला, तिच्या मुठीतच होता. माझ्या कपाळावर वाळलेला गोंद राहिला.

त्यानंतर मी संत्र्याच्या पॅकिंगच्या शेडमध्ये राहिलो. पेट्यांमध्ये घालायच्या रद्दीवर मला ठेवत, वारा आला तर कागद उडू नयेत म्हणून. कधी उभ्या गाडीच्या चाकामागे उटी म्हणून लावत. काम कमी दर्जाचं होतं असं मी म्हणणार नाही. गाडी कधी घसरली नाही. एकदा माझं एक चाक निखळलं. संत्री निवडणारी गोदाबाई म्हणाली, "किशोरभाऊ, हा बैल लंगडा झाला. फेकू का?"

"राहू दे," किशोर म्हणाला.

दुपारी सगळी जेवायला गेली तेव्हा त्यानं बाभळीच्या लाकडाचं नवं चाक करून बसवलं. मला फळीवर पुढे-मागे ढकलून पाहिलं. समोर कोणी नव्हतं. मी फळीच्या टोकापर्यंत गेलो.

बहीणभाऊ बोलत नव्हते असं नाही. आशाबाई मधे होती. चंदाचा फोन यायचा तेव्हा किशोर शेडसमोरच्या खाटेवरच असे.

"दादा जेवला का विचार," फोनमधून चंदा म्हणे. मलाही ऐकू येई, किशोरला तर येतच असणार.

"चंदी विचारते, जेवला का?"

"जेवलो म्हना."

"जेवला म्हन्ते."

अशी कित्येक वर्षं गेली. दोघंही वेळेवर जेवत होते.

यंदा मोरोपंत सरांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं. अमरावतीत त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी सभागृह घेतलं. सरांनी सांगितलं, मला ओवाळू नका, माझी तुला करू नका, मला चंदाचं व्याख्यान ऐकायचंय. आणि माझे बैल बघायचेत. दोन्ही.

आशाबाईनं शेडमध्ये येऊन निरोप दिला. "चंदी येऊन राहिली अमरावतीले. बैल मागते."

"पाठवून दे."

"कोनासंग?"

"माल जाऊन राहिला ना मंडीत. सागर गाडी नेते. त्याच्यात टाकतो."

"आन तू?"

"मले काम हाये."

"तिचं म्हननं हाये, दादा आला तर बरं होईल."

"असं म्हनली ती?"

आशाबाईनं पदर खोचला. "म्हनली नाई. मी म्हन्ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी भरली. सागर ड्रायव्हर चावी घ्यायला आला, तर किशोर आधीच स्टिअरिंगवर बसलेला. सागरला त्यानं मागे पेट्यांवर बसवलं. मला पुढच्या सीटवर ठेवलं. वरूड ते अमरावती रस्ता खराब आहे. खड्डा आला की तो डावा हात माझ्या पाठीवर ठेवी.

सभागृहात त्यानं मला एका मुलीच्या हाती टेबलाकडे पाठवलं आणि स्वतः मागे दाराशी उभा राहिला. मागच्या ओळीत खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी. पुढच्या ओळीत मोरोपंत सर, अगदी वाळलेले, कानात यंत्र. त्यांच्या शेजारी खुशालराव आणि आशाबाई.

टेबलावर भुऱ्या होता. मी त्याला ओळखलं. रंग उडाला होता, पण वजन तेच. तो परदेशात तिच्या खिडकीत उभा होता म्हणे. खाली बोगद्यातून खरे प्रोटॉन धावत होते आणि वर याला कोणी कधी ढकललं नाही.

चंदानं मला हातात घेतलं. नवं चाक तिला दिसलं. ती बाकीच्या तीन चाकांशी लावून बघत राहिली. मग बोलू लागली.

बरंच बोलली. टाक्यातल्या खड्यांची गोष्ट सांगितली, बोगद्याची सांगितली. म्हणाली, "तिथे दोन प्रोटॉनांची गाठ पडते ती आम्हाला कधीच दिसत नाही. आम्ही पुष्कळ पुढे, त्यांच्या वाटेला अगदी खेटून यंत्रं लावतो, आणि गाठ पडल्यावर कोण किती वळून गेला, तेवढंच मोजतो. अगदी थोडा वळला तर समजतो, वीज. जरा जास्त वळला तर आतला जोर. आणि त्या दोहोंच्या मधे, जिथे दोन्ही मिसळतात, तिथे मोजणी थोडी कमी भरते. आतला जोर ढकलतो की ओढतो, हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. ते त्या कमी भरलेल्या मोजणीवरूनच कळतं."

"आणि पट्टी?" सरांनी मोठ्यानं विचारलं. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नसावा. "पट्टी कुठे आहे माझी?"

चंदानं पर्स उघडली आणि एक छोटी डबी काढली. तिच्यात ती पट्टी होती.

"सर, ही मी चूक म्हणून फाडून काढली होती. चारचौघांत." तिचा आवाज जरा खाली आला. "तिकडे गेल्यावर कळलं, की पट्टी नसली तर माझ्याकडे मोजायला काही उरतच नाही. मग नुसती वीज उरते. पट्टी चूक नव्हती. रुंद जास्त होती."

तिनं कात्रीनं पट्टीची बारीक चिरी कापली. धाग्याहून थोडी जाड. ती माझ्या कपाळावर जुन्या गोंदाच्या जागी लावली आणि बोटानं दाबून धरली. भुऱ्याचीही तशीच बारीक केली.

"दोन प्रोटॉन ओढले जातात, पण एकत्र राहण्याइतके नाहीत. त्याला मधे न्यूट्रॉन लागतात."

"मला ते माहीत होतं," मोरोपंत सर म्हणाले. "पण माझ्याजवळ बैल दोनच होते."

चंदानं आईकडे बोट केलं. "न्यूट्रॉनावर वीज नसते. तो कोणाला दूर ढकलत नाही. नुसता मधे राहतो."

आशाबाई शेजारच्या बाईला म्हणाली, "थेच काम करून राहिली मी इतके वर्ष. पगार नाई का काई नाई."

सभागृह हसलं. चंदा हसली नाही. ती हातातल्या उरलेल्या पट्टीकडे बघत होती.

"ही पट्टी माझ्या भावाच्या दप्तराची आहे. नव्या दप्तराची. वर्षभर त्यानं झाकण हातानं दाबून धरून ते शाळेत नेलं. मी रोज त्याच्या मागून चालत होते, मला दिसत होतं. फाडताना मला ते आठवलं नाही."

मग तिनं सोबत आणलेली नवी फळी सरळ केली. हिची खाच रुंद करून घेतली होती, चाकांना जराशी बाजूला सरकता येईल इतकी. "आता ढकलायला माणूस पाहिजे. दुसऱ्या कोणाचा जोर कमी-जास्त होतो."

कोणी उठलं नाही. मोरोपंत सर मागे न बघता म्हणाले, "किशोर, ये रे. दाराशी उभा राहतोस अजून."

किशोर आला. कोणाकडे बघितलं नाही. माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात तसाच मोजका होता, फक्त खरखरीत झाला होता.

आधी हळू ढकललं. मी भुऱ्याजवळ गेलो आणि न शिवता परत आलो.

"आता जोरात, दादा."

त्यानं ढकललं. चुंबकांनी रेटलं, तरी मी गेलो. पट्टीला पट्टी लागली, चर् एवढाच आवाज झाला, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा.

टक्.

डोमाजीच्या दुकानानंतर आणि ओसरीनंतर तो मी ऐकलाच नव्हता. रुंद पट्टी असताना लाकडाला लाकूड लागतच नव्हतं. आम्ही क्षणभर धरलेले होतो. मग सुटलो. मी एका बाजूला गेलो, भुऱ्या दुसऱ्या. सरळ मागे मात्र कोणीच गेलं नाही. चंदानं फळीवर खडूनं दोन खुणा केल्या.

"सुटले," ती म्हणाली. "पण किती वळले, हे पाय दादा."

किशोरनं खाली वाकून खुणा पाहिल्या. मग मला उचललं. तो मला परत न्यायला आला होता, गाडीत माझी जागाही मोकळी होती. त्यानं अंगठा माझ्या कपाळावरच्या चिरीवरून फिरवला आणि मला भुऱ्याच्या शेजारी ठेवलं. समोरासमोर नाही. जुवाला जोडतात तसं, दोघांची तोंडं एकीकडे करून.

तेव्हापासून मी इथेच आहे, चंदाच्या सामानात. पुढे कुठे जायचं ते मला ठाऊक नाही, मात्र दोघं जाऊ. तुमच्याकडे तान्ह्या पोळ्याचे बैल माळ्यावर पडले असतील, तर एकदा खाली काढा आणि जोडी जागेवर आहे का बघा. एवढंच माझं मागणं. आता त्या दिवसाचं उरलेलं सांगतो आणि थांबतो.

टेबलापासून दारापर्यंत खुर्च्यांच्या मधून सरळ वाट होती. आला तेव्हा किशोर त्याच वाटेनं आला होता. जाताना तो तसा गेला नाही. जरा डावीकडे वळला, चंदा उभी होती तिकडून. तिच्या शेजारच्या खुर्चीवर तिची पर्स होती आणि डबी काढताना पर्सचं झाकण उघडंच राहिलं होतं. चंदा त्याच्याकडे बघत होती. कोण किती वळून गेला, हे बघायची तिला सवय आहे.

किशोरनं पर्सचं झाकण हातानं दाबलं, थोडा वेळ दाबून धरलं, आणि निघून गेला.